स्मृतीची पट्टी

यंत्राच्या पोटात हात घालू नये, असा आमचा आजवरचा नेम होता. घड्याळ मागे पडू लागले की आम्ही घड्याळजीची पायरी चढतो. शिवणयंत्र अडले तर त्यास तेलाचे दोन थेंब पाजून स्वस्थ बसतो. हा नेम गेल्या उन्हाळ्यात मोडला, तो आमच्या आईच्या ओव्यांपायी.

आई लग्न होऊन लातूरकडून हैदराबादेस आली आणि पुढली साठ वर्षे येथेच राहिली. उंबऱ्याबाहेर तेलुगू आणि दख्खनी. घरात मात्र तिची ओवी. जाते केव्हाच अडगळीत गेले होते, तरी कणीक मळताना, भाजी निवडताना ती गुणगुणत राही. तिच्या अखेरच्या वर्षात आम्ही त्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. त्यांत पंख्याची घरघर मिसळली होती. ती गाळून काढावयास बसलो, की आमचा दहा वर्षांचा लॅपटॉप मध्येच बसकण मारी. त्याची ४ जीबी रॅम या कामास पुरेना.

आम्ही सिकंदराबादेच्या बाजारातून ८ जीबीची पट्टी आणली. ती निघाली डीडीआर-४ जातीची. तिला २६० टोके, तर आमच्या यंत्राच्या जातीला २०४. शिवाय मधली खाचही भलत्याच जागी. दोष आमचाच; यंत्राची जात न सांगता आम्ही नुसता आकडा सांगितला होता. दुसऱ्या खेपेस १.३५ व्होल्टवर चालणारी, डीडीआर-३ एल जातीची योग्य पट्टी मिळाली. बॅटरी काढली, अंगातील स्थिर वीज जावी म्हणून धातूस हात लावला, आणि देवाचे नाव घेऊन नवी पट्टी बसविली. तिला जागा करताना जुनीही काढून पुन्हा लावली. कळ दाबली. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा मात्र काळाच! घाबरून नवी पट्टी काढली. तरीही काळाच. आता जुनीही बोलेना.

त्या क्षणी छातीत जे धस्स झाले, ते यंत्रासाठी नव्हते. ओव्यांची दुसरी प्रत आम्ही केलीच नव्हती!

शेजारचा तेलुगू मुलगा अभियांत्रिकीच्या वर्गात आहे. त्यास हाक मारली. आमचा चेहरा पाहून तो हसला. "अंकल, इसमें कुछ नै रहता," तो म्हणाला. साठविलेले सारे हार्ड डिस्कवर असते. ही पट्टी म्हणजे काम चालू असेतोवरची पाटी. त्याने आमच्याकडे खोडरबर मागितले. स्मृती जागी करावयास खोडरबर! पट्टीची सोनेरी कड त्याने हलकेच घासली, चुरा झटकला, पट्टी तिरपी धरून खाचेत पुरती सरकविली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी 'टक्' केले. आमच्या भित्र्या हातांनी ती अर्धवटच बसली होती. दुसरीही तशीच लावली, आणि पडद्यावर १२ जीबी उमटले.

जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. या स्मृतीचे पेटंट रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळाले. तिच्या प्रत्येक घरात विजेचा एक इवलासा भार असतो, आणि तो सतत गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा लिहावे लागते. सेकंदाला सुमारे सोळा वेळा. एवढे केले नाही, तर ती सारे विसरते.

तो गेल्यावर आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. आईपाशी ना वही होती, ना यंत्र. परक्या बोलींच्या गजबजाटात साठ वर्षे तिने त्या ओव्या राखल्या, त्या रोज म्हणून. आम्ही त्या एकदा डिस्कवर ठेवल्या आणि निश्चिंत झालो. ध्वनिमुद्रण लावण्यापूर्वी एक ओवी स्वतः म्हणून पाहिली. पहिला चरण आला, दुसऱ्यापाशी अडलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओव्यांच्या दोन प्रती केल्या. शिवाय सकाळचा चहा गाळताना एक ओवी मोठ्याने म्हणण्याचा नवा नेम धरला आहे. परवा दुसरा चरणही आपसूक आला. चाल मात्र अजून चुकते.