चिंचोक्यांचा भाव

साहित्याच्या वर्गात भेटणारा जुगारी बहुधा बुडालेलाच असतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात बेहड्याच्या फळांचे फासे टाकणारा तो माणूस घर घालवून बसला आहे. सभापर्वात युधिष्ठिर संपत्ती, राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी अशा क्रमाने हरत जातो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त दहा सुवर्णांचे देणे चुकवून पळालेला संवाहक ओस देवळात मूर्ती होऊन उभा राहतो, परंतु समोर फाशांचा आवाज होताच त्याला आपले मूर्तिपण टिकवता येत नाही. तिन्ही ठिकाणी द्यूत म्हणजे पतन. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी सतरंजीवर बसणारा आणि साडेअकराला आटोपणारा डाव मात्र आमच्या अध्यापनात कोठेच येत नाही. असा डाव आम्ही काही वर्षे खेळत आहोत. त्याविषयी चार गोष्टी येथे मांडावयाच्या आहेत.

आम्ही पाच जण. तिघे मराठीचे (हा मजकूर त्या तिघांचा), एक संख्याशास्त्राचे आणि एक इतिहासाचे, तासिका तत्त्वावर शिकवणारे. खेळ तीन पत्तीचा. पाश्चात्त्य घरांतून जो पोकर खेळला जातो त्याचा हा जवळचा आप्त; इंग्रजांच्या ‘ब्रॅग’ या खेळाशी त्याचे नाते सांगितले जाते. पोकरच्या प्रचलित प्रकारात मध्यभागी काही पाने सर्वांसाठी उघडी असतात, त्यावरून तर्क बांधता येतो. तीन पत्तीत तेही नाही. कॅट पिसला, तीन-तीन पाने वाटली, की पुढे वाचावयाला उरतो तो केवळ समोरचा माणूस.

गणित थोडक्यात सांगता येईल. बावन्न पानांतून तीन पानांचे 22,100 संच होतात. त्यांपैकी ट्रेल म्हणजे एकाच दर्जाची तीन पाने 52 वेळा, एकाच रंगाची सिक्वेन्स 48 वेळा, साधी सिक्वेन्स 720 वेळा, कलर 1,096 वेळा आणि जोडी 3,744 वेळा. उरलेले 16,440 संच म्हणजे हाती काहीही नसणे. संख्याशास्त्राच्या सरांनी हे आकडे पहिल्याच बैठकीत पाठीमागच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेवर मांडून दाखवले. अर्थ असा की, चार डावांपैकी जवळजवळ तीन डावांत आपल्यापाशी बोलण्यासारखे काही नसते, आणि तरीही बोलावे लागते.

1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा तीन पत्तीचा उल्लेख मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हणून केला. हाती येणाऱ्या पानांपुरते ते निर्विवाद आहे. परंतु पाने हा या खेळाचा निम्माच भाग. उरलेला निम्मा भाग म्हणजे त्या पानांविषयी आपण करीत असलेले विधान. वीस रुपयांची चाल हे एक वाक्य आहे, आणि ते खरे की खोटे हे ऐकणाऱ्याने ठरवावयाचे असते.

सुरुवातीस आम्ही पैशांविना खेळून पाहिले. एका सरांच्या घरी चिंचोके होते, तेच वाटून घेतले. खेळ तासाभरात कंटाळवाणा झाला. त्याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे: कोणीच पॅक करीना. हरण्यात काही जात नसेल तर दुर्री-तिर्री हातात धरूनही माणूस शेवटपर्यंत बसून राहतो. आणि कोणी उठतच नसेल तर थाप मारण्यात अर्थ उरत नाही. मग एका चिंचोक्याचा भाव एक रुपया ठरला, बूट दोन रुपये, चाल जास्तीत जास्त वीस. त्याच क्षणी खोलीतील शांतता बदलली. तेच चिंचोके, तीच माणसे. परंतु आता शब्दामागे काही गहाण होते.

प्रत्येकाने दोनशे घेऊन बसावयाचे, ते संपले की उठावयाचे, उसने द्यावयाचे नाही आणि दुसऱ्यासाठी खेळावयाचे नाही. हा दोनशेचा आकडा इतिहासाच्या सरांनी सुचवला होता. घरी खुलासा न करता महिन्याला इतके हरता येतात, असे ते म्हणाले. त्यांना मानधन तासांच्या हिशोबाने मिळते. सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. आम्हां पगारदारांचे दोनशे आणि त्यांचे दोनशे मोजताना सारखे भरतात, उचलताना नाही.

हा फरक खेळात दिसतो. पाने न पाहता, म्हणजे ब्लाइंड, खेळणाऱ्याला निम्मी रक्कम लावावी लागते. पाने पाहिली की दुप्पट. ब्लाइंड खेळण्यात एक ऐट असते आणि ती ऐट बहुतेक वेळा आम्हीच मिरवतो. ते पहिल्या फेरीनंतर पाने पाहतात, बहुधा पॅक करतात, आणि आमच्या पाचांत सर्वांत चांगले खेळतात. मात्र एकदा, मोठ्या चढलेल्या डावात, त्यांच्यापुढे चाळीस चिंचोके उरले असताना समोरून वीसची चाल आली. बराच वेळ पाहून त्यांनी पाने पालथी टाकली. नंतर कोणी तरी सुचवले, की यापुढे चाल दहावर आणू या. ते हसले नाहीत. “सर, भाव उतरवलात तर मी चिंचोक्यांशी खेळेन, तुमच्याशी नाही,” एवढेच म्हणाले.

या वाक्याने आम्हांला सभापर्वाकडे पुन्हा वळवले. तेथे पण दुर्योधनाचा आणि फासे शकुनीचे. आपल्या बदली दुसऱ्याने खेळणे योग्य नव्हे, हा आक्षेप युधिष्ठिर आरंभीच घेतो आणि तरीही बसतो. त्या द्यूताला कमाल मर्यादा नाही आणि आवरण्याची ताकद असलेले आवरीत नाहीत. द्रौपदीचा प्रश्न त्यानंतरचा: स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? वर्गात आम्ही तो प्रश्न धर्मशास्त्राचा म्हणून शिकवतो. तो बरोबरीचाही आहे. डावात बसणाऱ्याचे स्वतःचे असे काही असले पाहिजे, जे तो लावू शकेल आणि राखूही शकेल. इतिहासाच्या सरांनी दोनशेचा आकडा ठरवून नेमके तेच राखले होते, आणि आमची सवलत नेमके तेच काढून घेत होती. चाल वीसच राहिली.

दरवर्षी नवे सत्र आले की त्यांना त्याच जागेसाठी पुन्हा मुलाखत द्यावी लागते. तेथे पाने कोण वाटतो हे त्यांना दिसत नाही, किती लावावयाचे हे त्यांना ठरवता येत नाही, आणि पॅक करून बाजूला बसणे परवडत नाही. या वर्षीची मुलाखत झाली आहे, यादी लागावयाची आहे. तोवर पुढच्या शनिवारची बैठक त्यांच्याच घरी ठरली आहे. चिंचोके त्यांनी मागून घेतले आहेत.