सोवळं, मोजदाद आणि कम्युनिटी कॉलेज

मी सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशन चालू असताना निर्जंतुक गाऊन घालून सर्जनच्या समोर किंवा शेजारी उभी असते. टेबलावरची हत्यारं मांडते, सांभाळते, त्याच्या हातात देते आणि मोजते. मी नर्स नाही, डॉक्टर तर नाहीच. हे आधीच सांगून टाकते, कारण सांगलीकडच्या आमच्या नातेवाइकांत माझी बढती आणि घसरण परस्पर चालू असते. लग्नाच्या मांडवात एक काकू अभिमानाने म्हणतात, "आमची ही अमेरिकेत डॉक्टर आहे." त्याच मांडवात दुसरं कोणीतरी हळूच म्हणतं, "एम.कॉम. करून ऑपरेशनची भांडी घासायला गेली."

त्यातलं दुसरं जास्त खरं आहे. हत्यारांवर रक्त वाळू द्यायचं नसतं. ऑपरेशन चालू असतानाच ती पुसत राहायची, संपल्यावर सांधे उघडून ओली ठेवायची आणि धुण्याच्या विभागात पाठवायची. रक्ताने भिजलेल्या चादरी गोळा करायच्या. मला याची लाज कधी वाटली नाही. पण हे काम शिकायला दोन वर्षांचं कॉलेज असतं, त्याची परीक्षा असते आणि ते शिकलेल्या माणसाला भर ऑपरेशनमध्ये सर्जनला "थांबा" म्हणायचा अधिकार असतो, हे आपल्याकडे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

२०१३ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ओहायोत आलो. एच-४ व्हिसावर शिकता येत होतं, नोकरी करता येत नव्हती. (२०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाची परवानगी मिळू लागली, ती गोष्ट वेगळी.) ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा मी सदतीस वर्षांची होते आणि रिकाम्या बायोडेटाकडे बघत होते. सार्वजनिक वाचनालयात कम्युनिटी कॉलेजचं माहितीपत्रक मिळालं. त्यात वेल्डिंग, दंतसहाय्यक, अग्निशमन दल यांच्या रांगेत सर्जिकल टेक्नॉलॉजी होतं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे आपल्याकडे 'परदेशी शिक्षण' विकणारे एजंट सांगत नाहीत, कारण त्यात त्यांना कमिशन नाही. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ मध्ये पहिलं सार्वजनिक ज्युनियर कॉलेज निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचं जाळं देशभर व्हावं असं सुचवलं आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं. दोन वर्षांचे अभ्यासक्रम, खर्चाचा मोठा वाटा करदात्यांचा, आणि शाळा पूर्ण केलेल्या कोणालाही दार उघडं. आपल्या आयटीआयच्या आणि कॉलेजच्या मधलं काहीतरी समजा, फक्त वयाची भानगड नाही. कॉलेजात शिरणं सोपं असलं तरी सर्जिकल टेक्नॉलॉजीच्या जागा मोजक्या असतात. आधी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र आणि वैद्यकीय परिभाषा यांत बरे गुण मिळवावे लागतात, लसी टोचून घ्याव्या लागतात, पोलिसांची पडताळणी होते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सोळाजण वर्गात बसलो. त्यात सैन्यातून परतलेला एक मुलगा होता. धाकट्या पाच भावंडांचा खर्च उचलणारी एक सोमाली मुलगी होती. आणि गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेली, दोन नातवंडांची एक आजी होती. वय बावन्न. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, माझे गुडघे गेलेत पण हात शाबूत आहेत.

सुरुवात हत्यारांच्या नावांपासून होते. केली, कोखर, ॲलिस, बॅबकॉक, डीबेकी. बहुतेक नावं मेलेल्या सर्जनांची. यातल्या कोखरना तर १९०९ चं नोबेल मिळालं होतं. मी प्रत्येकीचं चित्र काढून स्वयंपाकघरात चिकटवलं होतं. सांडशी आणि चिमटा यांतला फरक ज्या बाईला झोपेतही कळतो तिला हे जमायला हरकत नाही, असं स्वतःला सांगायचे. दिसायला सारख्या दोन कात्र्या असतात. मेट्झेनबॉम नाजूक, ती फक्त ऊतींसाठी. तिने टाका कापला की धार गेली. टाक्याला मेयो कात्री. सर्जन "सिझर्स" एवढंच म्हणतो. कोणती, हे त्याच्यासमोर काय उघडं आहे ते बघून आपण ठरवायचं. हत्यार त्याच्या तळहातावर असं ठेवायचं की त्याला नजर उचलावी लागू नये. चांगला टेक सर्जनच्या एक पाऊल पुढे असतो म्हणतात ते यासाठी.

पण खरं शिक्षण हे नव्हतं. खरं शिक्षण म्हणजे सोवळं.

माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. ओलेत्याने वाळवलेलं लुगडं, हात अंगाजवळ, आम्ही पोरं जवळ गेलो की "शिवू नकोस!" निर्जंतुक क्षेत्राचा पहिला धडा सुरू झाला आणि मला हसूच आलं. हात कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. पाठ टेबलाकडे करायची नाही. निर्जंतुक वस्तू निर्जंतुक वस्तूलाच शिवणार. शंका आली की ते ओवळं समजायचं. वर्गातल्या बाकीच्यांना हे अंगवळणी पडायला महिना लागला, मला आठवडा.

पुढे मात्र फरक कळत गेला. आजीचं सोवळं कोणाला मिळेल आणि कोणाला कधीच मिळणार नाही, हे जन्मावर ठरलेलं होतं. परसदारी येऊन लांबून पाणी घेणाऱ्या बाईने दहा वेळा अंघोळ केली असती तरी तिचा उपयोग नव्हता. इथे उलटं आहे. सर्जन, शिकाऊ डॉक्टर, मी, जो नियमाने हात घासेल आणि गाऊन घालेल तो निर्जंतुक. आणि विभागप्रमुखाचं कोपर जरी चादरीबाहेरच्या खांबाला लागलं तरी तो ओवळा. त्याने बाहेर व्हायचं, हातमोजे-गाऊन बदलायचे. त्याला ते सांगायचं कोणी? ज्याला दिसलं त्याने. याला आमच्या धंद्यात 'सर्जिकल कॉन्शन्स' म्हणतात. कोणी पाहिलं नसलं तरी आपल्याला माहीत आहे ना, मग बोलायचं.

सराव-परीक्षेत त्या बावन्न वर्षांच्या आजीने पाऊण तास खपून टेबल मांडलं होतं. शिक्षिकेची पाठ होती. आजी म्हणाली, माझा हातमोजा मास्कला लागला. कोणालाही दिसलं नव्हतं. हातमोजा कधी लागला आणि त्यानंतर कशाकशाला शिवला, हे तिला सांगता येईना. मग तिने सगळं मोडलं आणि पहिल्यापासून मांडायला घेतलं. शिक्षिकेने तिला त्या दिवशी पूर्ण गुण दिले. आपल्या शाळांत अशा गोष्टीला गुण मिळताना मी पाहिलेले नाहीत. तिथे वही नीटनेटकी असावी लागते.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष रुग्णालय. पहाटे साडेचारला उठायचं, बर्फ खरवडून गाडी काढायची, सहाला कपडे बदलून हजर. या कामाचा एक डॉलर मिळत नाही. निदान १२० शस्त्रक्रियांची नोंद पूर्ण व्हावी लागते, त्यातल्या बहुतांश वेळा मुख्य हात तुमचा हवा. नुसतं बघितलेलं धरत नाहीत. त्यानंतर राष्ट्रीय मंडळाची परीक्षा, १७५ प्रश्न. सोळापैकी अकराजण शेवटपर्यंत पोहोचलो. सैन्यातला मुलगा गेला, पैशासाठी. त्याला गोदामात रात्रपाळी मिळाली होती.

मोजदादीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळा जीव तिथे आहे. ऑपरेशन सुरू होण्याआधी टेक आणि फिरती नर्स, दोघींनी मिळून, मोठ्याने, एकेक वस्तू डोळ्यांनी बघत मोजायची. गॉज, सुया, पाती, हत्यारं. आकडा भिंतीवरच्या फळ्यावर. पोकळी शिवण्याआधी पुन्हा, कातडी शिवताना पुन्हा. प्रत्येक गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो. एका पोटाच्या ऑपरेशनमध्ये शेवटच्या मोजणीत मोठा गॉज एक कमी भरला. मी शिकाऊ, माझ्या शेजारी मला शिकवणारी टेक. सर्जन नावाजलेला, पुढची केस खोळंबलेली, हातात सुई तयार. ती शांतपणे म्हणाली, "मोजणी जुळत नाही. शिवू नका." तो वैतागला, काहीतरी पुटपुटला, पण त्याने सुई खाली ठेवली आणि पोटात पुन्हा हात घातला. गॉज शेवटी बादलीत सापडला, दुसऱ्याच्या घडीत चिकटलेला. अकरा मिनिटं गेली. ती बाई दोन वर्षांचं कॉलेज शिकलेली आणि तो पंधरा वर्षं शिकलेला. त्या अकरा मिनिटांत खोलीत तिचं चालत होतं.

पोटात राहिलेल्या अशा बोळ्याला वैद्यकात नावसुद्धा आहे, गॉसिपिबोमा. आपल्या वर्तमानपत्रांत "महिलेच्या पोटात कापसाचा बोळा" अशी बातमी अधूनमधून येते, लोक डॉक्टरला शिव्या देतात, पुढच्या आठवड्यात विसरतात. त्या खोलीत मोजत कोण होतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

इथे अतुल गावंडे यांची आठवण होते. त्यांचे वडील आत्माराम गावंडे हे उमरखेडजवळच्या उटी गावचे, ते ओहायोतल्याच अथेन्स नावाच्या छोट्या गावात सर्जन होते. अतुल गावंडेंनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची तपासयादी करण्याच्या कामाचं नेतृत्व केलं. २००९ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या यादीत, रुग्णाला खोलीबाहेर नेण्याआधी मोजणी जुळल्याचं नर्सने मोठ्याने सांगायचं, असं कलमच आहे. मला त्यातला 'मोठ्याने' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेचे गोडवे गायला मी बसलेली नाही. माझ्यासमोर टेबलावर झोपणाऱ्या कितीतरी माणसांना ऑपरेशनपेक्षा बिलाची भीती जास्त असते. बऱ्याच राज्यांत आमच्या कामाला सरकारी परवाना लागत नाही. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, टेक्सास अशा काही राज्यांनीच कायदा केलाय. पगार वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास, घर चालतं, श्रीमंती नाही. पण शिकायची सार्वजनिक जागा आहे, आणि शिकल्यावर बोलायची मुभा आहे.

आता आपल्याकडचं. २०२३ च्या दिवाळीत गावी गेले होते. ओळखीतला एक मुलगा, मुलगा कसला, चौतीस वर्षांचा बाप्या, तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात बारा वर्षं ओटीत उभा आहे. भरती झाला तेव्हा वॉर्डबॉय, आता सगळे त्याला 'ओटीतला मामा' म्हणतात. बारावी आर्ट्स, तीही अर्धवट. पगार अकरा हजार. मी त्याला सुईधारक भरायला सांगितला आणि बघत राहिले. त्याचा हात माझ्याहून सफाईदार आहे. सिझर असो, हर्निया असो, हाडाचा रॉड असो, सगळं त्याने बघून बघून उचललंय.

मी विचारलं, गॉज मोजतोस का रे?

"ताई, मोजतो की. पण कमी भरला तर सांगायचं कुणाला?"

एकदा त्याने सांगितलं होतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, तुला नीट मोजता येत नसेल. गॉज नंतर सापडला, पण त्यानंतर तो मनातल्या मनात मोजतो.

आपल्याकडे अभ्यासक्रम नाहीत असं नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी आहे, तिच्यात ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ हा विषय आहे, पण त्यासाठी बारावी विज्ञान हवं. बाराव्या पंचवार्षिक योजनेत युजीसीनेही कम्युनिटी कॉलेजची योजना आणली होती. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात ओटी तंत्रज्ञाचा उल्लेख आहे, अभ्यासक्रमासाठी किमान २००० तासांची अट आहे. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. कायदा चांगलाच आहे. पण तो येणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरांचा विचार करतो. आज रात्री कुठल्यातरी तालुक्यात सिझरला उभ्या असलेल्या मामा-मावश्यांचं काय? त्यांना घरी बसवलं तर उद्या ओटी बंद पडतील. त्यांना तसंच ठेवलं तर मोजणी मनातल्या मनातच होत राहील. त्यांच्यासाठी संध्याकाळचा वर्ग का नको? जिल्हा रुग्णालयात शनिवार-रविवार प्रात्यक्षिक, आधीच्या अनुभवाचे तास धरायचे, मराठीत परीक्षा. हात तपासा, बारावीची शाखा कशाला तपासता?

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता. डॉक्टरांची सून आता तिथे भूल देते, तिने ओटीत एक पांढरा फळा लावून घेतलाय, तीनशे रुपयांचा. "ताई, त्यावर काय काय लिहायचं ते पाठवा की." मी रकाने आखून फोटो पाठवला. गॉज मोठा, गॉज छोटा, सुया, पाती, हत्यारं. त्याने विचारलं, खाली सही कोणाची घ्यायची? मी म्हटलं, दोघांची. मोजणाऱ्याची पण.

"माझी?" म्हणाला.

हो, तुझी.