दुसऱ्या बोलीची किंमत

लिलावात ठरलेली किंमत हेच वस्तूच्या योग्यतेचे माप होय, असा समज सर्वत्र रूढ असला, तरी संग्राह्य वस्तूंच्या बाबतीत तो अपुरा पडतो. रेल्वेच्या प्रतिरूप डब्यांचा, म्हणजे खऱ्या डब्यांच्या ठरावीक प्रमाणात घडवलेल्या आणि छोट्या रुळांवर धावू शकणाऱ्या प्रतिकृतींचा, ऑनलाइन बाजार हा अपुरेपणा विशेष स्पष्ट करतो. पूर्व नागपुरातील नंदनवन ही वस्ती या बाजाराकडे पाहण्यासाठी सोयीची आहे, कारण कळमन्याचे बाजार आवार आणि इतवारीचे रेल्वे स्थानक ही दोन्ही ठिकाणे तिच्यापासून फारशी दूर नाहीत. पहिल्या ठिकाणी लिलाव हा नित्याचा व्यवहार आहे, तर दुसऱ्या ठिकाणाहून शंभराहून अधिक वर्षे नॅरोगेज गाडी नागभीडकडे जात असे.

कळमन्यात संत्र्यांचा किंवा मिरचीचा ढीग समोर असतो, अडत्या आणि खरेदीदार माल हाताळून पाहतात, आणि आजचा ढीग हातून गेला तरी उद्या तसाच दुसरा येणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे तिथला भाव अनेकांच्या अंदाजांच्या आसपास स्थिरावतो. संग्राह्य डब्याला असा पर्याय सहसा नसतो. विशिष्ट वर्षी, विशिष्ट रंगात निघालेला डबा वर्षभरात एखाद्याच वेळी विक्रीला येतो, तो केवळ छायाचित्रांवरून पारखावा लागतो, आणि त्याची आस असणारी माणसे जगभर विखुरलेली असली तरी संख्येने थोडी असतात.

अशा बाजारात किंमत कशी ठरते, हे लिलावाच्या रचनेवरून कळते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबेच्या लिलावात ग्राहक आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि संगणक त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेतो. एकाने ५,००० रुपयांची आणि दुसऱ्याने ४,२०० रुपयांची कमाल मर्यादा दिली आहे असे समजले, तर डबा पहिल्याला ४,२०० रुपयांहून एका टप्प्याने अधिक रकमेत मिळतो. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी रक्कम द्यावी, या पद्धतीचे सैद्धांतिक विवेचन अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये केले. अमेरिकेतील टपाल तिकिटांचे विक्रेते मात्र १८९३ पासूनच टपालाने येणाऱ्या बोलींसाठी ती वापरत होते. या रचनेचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही: जाहीर होणारी किंमत सर्वाधिक आस असलेल्या माणसाची ओढ दाखवत नाही, त्याच्या खालोखालच्या माणसाची दाखवते. तो दुसरा माणूस त्या आठवड्यात हजर नसेल, तर तोच डबा निम्म्या रकमेतही जाऊ शकतो.

ती ओढ कशामुळे निर्माण होते, याचे चांगले उदाहरण अमेरिकेच्या लायनेल कंपनीने दिले आहे. १९५७ मध्ये या कंपनीने मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिन आणि फिकट रंगांचे डबे असलेली गाडी बाजारात आणली, पण खऱ्या रेल्वेसारखी न दिसणारी ही गाडी मुलींनी नाकारली आणि विक्री फसली. विक्री फसल्यामुळेच ती दुर्मीळ झाली, आणि दुर्मीळतेमुळे पुढे संग्राहकांनी तिच्यासाठी मोठ्या रकमा मोजल्या. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील रेल्वे-संग्राहक संघटनेने वस्तूच्या स्थितीसाठी १ ते १० अशी श्रेणी रूढ केली असून, मूळ रंग, मूळ चाके आणि मूळ खोके यांवर किंमत अवलंबून असते. ज्या डब्याशी कोणीच फारसे खेळले नाही तो डबा या श्रेणीत वर चढतो. खेळण्यासाठी घडलेल्या वस्तूच्या बाबतीत हा न्याय विचित्रच म्हणावा लागेल.

भारतीय संग्राहकाचे स्थान या लिलावात जवळजवळ कडेला आहे. मुंबईतून चालणारे बाझी हे लिलावाचे संकेतस्थळ ईबेने २००४ मध्ये घेतले आणि ईबेची भारतीय शाखा २०१८ मध्ये बंद झाली. परदेशी विक्रेत्याकडून डबा मागवावा, तर प्रमाणबद्ध प्रतिकृती जकातीच्या वर्गीकरणात खेळण्यांच्या शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. इतर कर आणि टपालखर्च यांच्या आधीच १०० रुपयांचा डबा १७० रुपयांचा होत असेल, तर नंदनवनातील संग्राहकाला तितक्याच ऐपतीच्या परदेशी संग्राहकापेक्षा बरीच खालची बोली लावावी लागते. परिणामी तो क्वचितच जिंकतो, आणि किंमत ठरवणारा दुसरा माणूसही क्वचितच होतो.

याहून मूलगामी अडचण वेगळी आहे. नागपूर–नागभीड मार्ग १९०८ मध्ये सुरू झाला. त्याच्या दोन रुळांतील अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते, आणि ब्रॉडगेज रूपांतरासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात तो बंद झाला. ऑस्ट्रियातील झिलरटाल खोऱ्यात १९०० ते १९०२ दरम्यान उभा राहिलेला मार्ग ७६० मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ त्याच मापाचा आहे. एकास सत्याऐंशी या प्रचलित प्रमाणात दोन्ही मार्गांसाठी ९ मिलिमीटर रुंदीचे छोटे रूळ चालतात. तरीही झिलरटालचे डबे कारखान्यात प्रतिरूप म्हणून घडतात, जुने झाले की पुन्हा विकले जातात आणि त्यांना भाव असतो. उमरेड किंवा भिवापूरला थांबणाऱ्या डब्यांना मोठ्या उत्पादकांच्या सूचीत जागा मिळाली नाही. ज्या वस्तूची प्रतच घडली नाही तिच्यावर बोली कशी लागणार? सेवेतून काढलेल्या खऱ्या डब्याला मात्र ऑनलाइन लिलावाची वाट मोकळी असते, कारण रेल्वे आपले भंगार तसेच विकते. तिथे त्याच्याकडे लोखंड म्हणून पाहिले जाते.

यावरून या डब्यांना मोल नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. किमतीसाठी आधी वस्तूची नोंद लागते: लांबी-रुंदी, खिडक्यांची रचना, रंगाची छटा, कोणत्या वर्षी काय बदलले याचा तपशील. जर्मन आणि अमेरिकन डब्यांमागे उत्पादकांच्या सूची आणि संग्राहकांचा दीर्घ अभ्यास उभा आहे, म्हणून तेथील बोलीदार छायाचित्र पाहून अस्सल कोणता आणि पुन्हा रंगवलेला कोणता हे सांगू शकतो. नागपुरात अशा नोंदीला आधार नाही असेही नाही, कारण मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ पासून खरी इंजिने आणि डबे सांभाळून आहे. पुण्याच्या कोथरूड भागात १९९८ मध्ये खुले झालेले, भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय हे तर एका मराठी माणसाने लिलावातल्या भावाकडे न पाहता काय घडवता येते याचा पुरावा आहे. त्यामुळे नंदनवनातील संग्राहकाने परदेशी डब्यावर खालची बोली लावत राहण्यापेक्षा मोतीबागेतल्या डब्याची मापे घेऊन ती इतरांसाठी उपलब्ध करणे अधिक फलदायी ठरेल. त्या मापांवरून पहिली प्रत घडेल, आणि ती पाहून ज्याला तशीच हवीशी वाटेल तो किमतीसाठी आवश्यक असणारा दुसरा माणूस ठरेल.