रिकामा रस्ता

केशोरीच्या चौकात मी पहिल्यांदा कॅमेऱ्याचा स्टँड उभा केला तेव्हा जाता जाता एक शेतकरी थांबला. म्हणाला, ‘‘का जी सर, जमीन मोजून रायले का?’’ फोटो काढतोय म्हटल्यावर केस नीट करून तो समोर उभा राहिला. एक मिनिट झालं, दोन झाली, तरी मी ‘झाला’ म्हणेना. तेव्हा कंटाळून निघून गेला. फोटोत त्याचं नुसतं भूत आलं, आरपार दिसणारं. पारावर बसलेले चार म्हातारे मात्र जसेच्या तसे आले. मागून गेलेल्या म्हशीचा धूर झाला होता.

आमच्या खेड्यात या फोटोग्राफीचा उपयोग नाही हे तेव्हाच कळलं. इथे माणसं बसलेली असतात. ही कला शहराची आहे, जिथे कोणी थांबत नाही.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, धान आणि मिरचीच्या मुलखातला. केशोरीची मिरची विदर्भात नावाजलेली, पण मला नाव विचारून गाव विचारणाऱ्याला ती सहसा आठवत नाही. बी.एड.साठी नागपूरला आलो आणि पुढे नागपूरजवळच्याच एका उर्दू शाळेत लागलो. कॅमेरा घेतला तो जुना, हप्त्यांवर. साध्या फोटोत कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या साठाव्या हिश्श्याएवढी उघडते. तीच काही मिनिटं उघडी ठेवली तर भर दिवसा सगळा फोटो पांढरा होऊन जाईल. म्हणून भिंगापुढे काळी काच लावतात. उजेड हजारपट कमी करणारी काच लावली, तर साठाव्या हिश्श्याचे सतरा सेकंद होतात. अशा चांगल्या काचेची किंमत ऐकून मी गप्प बसलो. मग कोणीतरी सांगितलं, वेल्डिंगवाले डोळ्यांपुढे धरतात ती दहा नंबरची काच लाव. थोड्या पैशांत काम झालं आणि उजेड तर कितीतरी हजारपट कमी झाला. एकच खोड, त्या काचेतून सारं जग गर्द हिरवं येतं. तो हिरवेपणा घालवायचा सोपा उपाय म्हणजे फोटो काळा-पांढरा करणं. माझे फोटो कृष्णधवल का, असं लोक मोठ्या अदबीने विचारतात. खरं कारण हे आहे.

आठवीच्या मुलांना मी वर्गाच्या खिडक्या बंद करून, दाराच्या भोकातून भिंतीवर पडणारं उलटं झाड दाखवतो. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी ‘किताब अल-मनाज़िर’मध्ये अंधारी खोली आणि एका ओळीत ठेवलेले दिवे यांचा प्रयोग लिहून ठेवला आहे. प्रत्येक दिव्याचा उजेड त्याच एका भोकातून आत येतो, पण एकमेकांत मिसळत नाही. मुलांना हे आवडतं. मग मी त्यांना 1838 सालचा पॅरिसचा फोटो दाखवतो. दागेर नावाच्या माणसाने वरच्या खिडकीतून एक वाहता रस्ता टिपला. तेव्हाच्या पत्र्यावर चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागत. घोडे, गाड्या, माणसं सगळी पुसली गेली. उरला फक्त बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो एका जागी उभा होता. फोटोत आलेला जगातला पहिला माणूस म्हणून त्याला ओळखतात. ‘‘सर, और पॉलिश करनेवाला?’’ एका मुलाने विचारलं होतं. तोही आहे, पण पुसट. त्याचे हात चालू होते ना.

2023 च्या रमजानात अब्बांना डोळे दाखवायला नागपूरला आणलं. मुक्काम मोमिनपुऱ्यात फुफीकडे. अब्बांचं तसवीरविषयी मत पक्कं. पासपोर्ट आणि रेशनकार्डापुरता फोटो, त्यापलीकडे नाही. मी फुफीच्या गॅलरीत स्टँड लावताना त्यांनी विचारलं, ‘‘चेहरे आएंगे?’’ म्हटलं, ‘‘नहीं अब्बा, इसमें किसी का चेहरा नहीं आता.’’ ‘‘फिर ठीक है,’’ म्हणाले आणि खाली उतरले.

असर झाली होती. इफ्तारच्या खरेदीची गर्दी अशी की रस्त्याचा तुकडाही दिसत नव्हता. खजूर, फेणी, समोसे, स्कूटरचे हॉर्न. काच लावल्यावर कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही, म्हणून फोटोची चौकट आधी ठरवायची आणि मग काच चढवायची. चार मिनिटं मी घड्याळाकडे बघत उभा होतो.

फोटोत रस्ता मोकळा आला. दगडासारखा स्वच्छ, वर आकाश रेशमाच्या पट्ट्यांसारखं. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा, हातात तसबीह. अब्बा. रोज्याने थकून बसले असावेत. चेहरा लहान, पण ओळखू येण्यासारखा. मी त्यांना ते सांगितलं नाही. दिलेला शब्द मोडला गेला होता आणि मला फोटो पुसवतही नव्हता.

शाळेच्या प्रदर्शनात तो लावला. सगळ्यांनी वाहवा केली. एक जुने सहकारी मात्र बराच वेळ बघून म्हणाले, ‘‘मियां, ये तो कर्फ्यू लग रहा है.’’ मला राग आला. मी त्यांना दागेर समजावून सांगितला, काच दाखवली. ते फक्त हसले. कर्फ्यू त्यांनी पाहिलेले होते.

17 मार्च 2025 ला नागपुरात दंगल झाली. तोही रमजानच होता. अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, मोमिनपुऱ्याचा भागही त्यात होता. ती टप्प्याटप्प्याने उठवण्यात आली. मधल्या दिवसांत फुफीने गॅलरीतून मोबाइलवर एक फोटो पाठवला. तीच गॅलरी, तोच रस्ता, तीच असरची वेळ. रस्ता मोकळा. मी जुना फोटो काढून शेजारी धरला. एकाला चार मिनिटं लागली होती, दुसऱ्याला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ नाही. एकात शेकडो माणसं होती आणि मी ती घालवली होती. दुसऱ्यात कोणी नव्हतंच. अनोळखी माणसासमोर दोन्ही ठेवले तर त्याला फरक कळला नसता. कौतुक झालं होतं ते माझ्या फोटोचं. मोमिनपुरा रिकामा दाखवण्यात मला सौंदर्य सापडलं, ते का, हा प्रश्न त्या रात्री मी स्वतःला विचारला. उत्तर फारसं सुखाचं नव्हतं. शहरात आलेल्या खेड्यातल्या मास्तरला गर्दीतल्या आपल्याच माणसांची थोडी लाजही वाटत असते.

अलेक्सेई तितारेंको नावाचा मूळचा रशियाचा फोटोग्राफर आहे. सोव्हिएत संघ मोडल्यावर, 1992 पासून, त्याने सेंट पीटर्सबर्गची गर्दी अशीच झडप उघडी ठेवून टिपली. पण त्याने माणसं पुसू दिली नाहीत. मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवर गर्दीचा धूर झाला आहे आणि त्या धुरातून कठडा धरलेले हात तेवढे स्पष्ट उरले आहेत. ते हात मी आधीही पाहिले होते. तेव्हा फक्त तंत्र पाहिलं.

ईदला केशोरीला गेलो तेव्हा दोन्ही फोटो अब्बांसमोर ठेवले. माझा फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला आणि पायरीवरच्या माणसावर बोट ठेवलं. मी खाली बघत राहिलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘उस दिन इतनी भीड़ थी, बाकी लोग कहाँ गए?’’ मी सांगितलं, सगळे आहेत, चालत होते म्हणून दिसत नाहीत. त्यांना ते पटलं नाही. अम्मीने फोटो कपाटात सातबाऱ्याच्या कागदांखाली ठेवला. भिंतीवर लावायचा नाही एवढी अट.

आता मी मगरिबनंतर जातो. दिवे लागलेले असतात, वेल्डिंगची काच लागत नाही. झडप दोन सेकंदांवर ठेवतो. चेहरे येत नाहीत, अब्बांची तेवढी अट अजून पाळतो. पण बुरख्याची कड येते, तरावीहला निघालेल्यांच्या टोप्यांची पांढरी रेघ येते. परवाच्या फोटोत खजूरवाल्या पोराचा बाकी सगळा धूर झालाय, फक्त तराजू धरलेला हात राहिलाय. तोलताना तो थांबला असणार.