ज्वालामुखी पाहावा कसा?

ज्वालामुखी म्हटला कीं तो जपानांत किंवा इटलींत असावयाचा, अशी ठाणें-कल्याणकडील आम्हां लोकांची समजूत असते. वस्तुतः आपलीं घरें ज्या कातळावर उभीं आहेत तो सारा थिजलेला लाव्हारस आहे. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूमीला भेगा पडून जो तप्त रस बाहेर लोटला, त्याचे थरावर थर बसून दख्खनचा काळा पाषाण झाला. कल्याणजवळचा मलंगगड त्याचाच; ठाण्यापुढील पारसिकचा डोंगरहि त्याचाच. त्या डोंगरांतून १९१६ सालीं रेल्वेचा बोगदा झाला, आणि डोंबिवलीचे आम्ही नोकरदार कितीएक वर्षें जलद गाडींत उभ्यानें पेंगत त्या थिजलेल्या अग्नीच्या पोटांतूनच कचेरीस जात होतों. अग्नि विझलेला असला म्हणजे त्याच्याशीं इतकी सलगी चालते. जिवंत अग्नीची गोष्ट निराळी. तो कोठें व कसा पाहावा, या प्रश्नावर आमच्या घरांत पंधरा दिवस खल चालला होता.

घरांत आम्ही पांच माणसें. आई शहात्तर वर्षांची असून तिला दम्याचा विकार आहे. कन्या नऊ वर्षांची. चिरंजीव अकरावींत, भूगोलाच्या नादानें त्यानें हट्ट धरला कीं, यंदाची सहल धुमसता ज्वालामुखी पाहण्यासाठींच काढावयाची. त्याचा बेत तयार होता. जावा बेटावर ब्रोमो नांवाचा ज्वालामुखी आहे. तेथें सुमारें अडीचशें पायऱ्या चढल्या कीं विवराच्या ओठावर उभें राहून आंतील धूर पाहतां येतो. विवराच्या कांठीं गणपतीची मूर्ति आहे. तेथील तेंगर नांवाचे हिंदु लोक वर्षांतून एकदां विवरांत फळें-धान्य अर्पण करतात. हें सांगून त्यानें आजीचें मत आपल्याकडे वळविण्याचीहि खटपट केली. परंतु गंधकाच्या वाफा दमेकऱ्यांस सोसत नाहींत असें मीं म्हणतांच तो सहज बोलून गेला, “मग आजी खालीं गाडींत बसेल. आपण तासाभरांत वर जाऊन येऊं.”

“जा रे तुम्ही, मी बसेन,” एवढेंच आई म्हणाली आणि भाजी निवडूं लागली. मला मात्र तें बोलणें दिवसभर टोंचत राहिलें.

अमेरिकेंतील भाच्यानें हवाई बेटावरील किलाउएआ पाहण्यास बोलाविलें होतें. पण तो प्रवास आईला झेपणारा नव्हता व आमच्या खिशालाहि पेलणारा नव्हता.

अखेर प्रश्नाला वळण लावलें तें माझ्या पत्नीनें. ती म्हणाली, “तुम्ही सगळे पायऱ्या, मोटार नि विमान यांचाच विचार करतां आहां. आधीं अंतर ठरवा. वाहन मागाहून ठरवूं.” न्यूझीलंडमधील व्हाकारी बेटाची हकीगत तिच्या वाचनांत आली होती. ९ डिसेंबर २०१९ रोजीं तेथें स्फोट झाला तेव्हां बेटावर ४७ माणसें होतीं. त्यांपैकीं २२ प्राणांस मुकलीं. ज्वालामुखीची अस्वस्थता वाढली आहे, ही सूचना शास्त्रज्ञांनीं तीन आठवडे आधींच दिली होती; तरीहि सहली चालूच राहिल्या. अशा ठिकाणीं खडकाखालीं कोंडलेली वाफ एकाएकीं कातळ फोडून बाहेर येते. लाव्हा वर येण्याची ती वाट पाहत नाहीं, आणि पळावयास अवधीहि देत नाहीं.

बोटींतून पाहिलें म्हणजे झालें, असेंहि नाहीं. १६ जुलै २०१८ रोजीं हवाईच्या किनाऱ्यावर लाव्हा समुद्रास मिळत असतां एक सहलीची बोट जवळ गेली. पाण्यांत स्फोट होऊन उडालेला तप्त दगड तिचें छप्पर फोडून आंत पडला व २३ माणसें जखमी झालीं. म्हणजे पत्नीचें म्हणणें खरें: वाहन कोणतेंहि असो, मुख्य गोष्ट अंतराची.

तेव्हां आमची दृष्टि स्वदेशाकडे वळली. भारतांतील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रांत बॅरन बेटावर आहे. श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचें पोर्ट ब्लेअर, येथून तें ईशान्येस सुमारें १४० किलोमीटरांवर. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद. वस्ती मुळींच नाहीं. १७८७ पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी सांपडतात. पुढें दीर्घकाळ तें शांत होतें. १९९१ सालीं पुन्हां जागें झालें व तेव्हांपासून अधूनमधून धुमसत असतें. सहलकऱ्यांस तेथें उतरूं देत नाहींत. बोटींतून दुरूनच पाहावें लागतें. चिरंजीवांस ही त्याची उणीव वाटली; मला तोच त्याचा गुण वाटला.

त्याची समजूत घालण्यास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ उपयोगीं पडले. जानेवारी २०१७ मध्यें ते बेटाजवळ संशोधन करीत असतां ज्वालामुखी राख ओकूं लागला. दिवसा त्यांस राखेचे ढगच दिसले. सूर्य मावळल्यावर मात्र विवरांतून उडणारीं लाव्हाचीं लाल कारंजीं दिसलीं. “मग आपण अंधार असतांनाच पोहोंचलें पाहिजे,” असें चिरंजीव म्हणाला, तेव्हां निम्मी लढाई जिंकल्यासारखें वाटलें.

उरलेली निम्मी आईनें जिंकली. “एकादशीला पंढरपुरांत रांगेंत उभें राहवत नाहीं, तेव्हां आम्ही कळसाला हात जोडून परत येतों. म्हणून विठोबा भेटला नाहीं, असें कुणी म्हणत नाहीं. मला बाहेर बसवून तुम्ही देवळांत जाऊं नका, एवढेंच.” त्या दिवशीं भाजी निवडतांना ती काय गिळून बसली होती, हें नातवाला तेव्हां कळलें. तो उठला आणि तिच्याशेजारीं जाऊन बसला.

फेब्रुवारींत, समुद्र निवांत असतां, आम्ही गेलों. सेल्युलर तुरुंग पाहण्याची आईची जुनी इच्छा आधीं पुरी केली. मग रात्रभर बोटीचा प्रवास. पहांटेच्या अंधारांत बेटाचा काळा आकार दिसूं लागला. माथ्यावर एक तांबूस छटा दोन-तीनदां उजळली व मावळली. उजाडल्यावर तीहि दिसेनाशी झाली. राहिला धुराचा बारीक लोट आणि राखेचे काळे उतार. “बाबा, एवढंच?” चिरंजीवानें विचारलें. “एवढंच,” मीं म्हटलें. सुरक्षित अंतराची किंमत ही अशी द्यावी लागते, आणि ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण आई, मुलें, पत्नी व मी, सारीं एकाच कठड्याशीं उभीं होतों. या हिशेबांत मला ती किंमत जड वाटली नाहीं.

कुटुंबासह असें कांहीं पाहावयास निघणाऱ्यांनीं प्रथम आपल्यांतील सर्वांत अशक्त माणसाकडे पाहावें, मग तेथील शास्त्रज्ञांची ताजी सूचना वाचावी, नंतर अंतर ठरवावें आणि तिकिटें सर्वांच्या शेवटीं काढावीं. चिरंजीवाचा ब्रोमोचा बेत मात्र अजून कायम आहे. स्वतःच्या कमाईवर एकटा जाईन, म्हणतो. आजीनें त्याला तेथल्या गणपतीस वाहावयास एक सुपारी आतांच काढून ठेवली आहे.