नियम वाचायचे की शोधायचे?

मित्रांनो, रात्री मेसनंतर आमच्या रूममधून 'मेला रे मेला!' अशी आरोळी ऐकू येते, त्यामागे कोणताही गैरप्रकार नाही, हे आधी रेक्टर सरांच्या माहितीसाठी नमूद करतो. आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात, आणि काम जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी हा खेळ तीन बारक्या पुस्तिका करून एका खोक्यात घालून बाजारात आणला. २०१४ च्या आवृत्तीपर्यंत त्याची तीनशेवर पानांची तीन जाडजूड पुस्तके झाली होती.

मला आज लिहायचे आहे ते या पुस्तकांच्या पानांबद्दल. कारण खेळ कितीही भारी असला, तरी नियम वेळेवर सापडला नाही की सगळा विचका होतो.

एकच उदाहरण देतो. समजा तुम्ही राक्षसाला मिठी मारून धरून ठेवले. धरायचे कसे, हे २०१४ च्या पुस्तकात लढाईच्या प्रकरणात आहे. धरलेल्याचे पुढे काय होते (त्याचा वेग शून्य होतो), ते थेट पुस्तकाच्या शेवटी, परिशिष्टात! तोवर राक्षसही कंटाळतो आणि मंडळी मोबाइल काढतात. मग होते काय, की ज्याने पुस्तक कोळून प्यायलेले असते तो भटजी होतो. पोथी त्याच्या हातात आणि बाकीच्यांनी फक्त माना डोलवायच्या. याला खेळ कसे म्हणायचे?

हे मला खऱ्या अर्थाने कळले ते आमच्या गावी, बोर्ली पंचतनला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : श्रीवर्धन तालुका, दिवेआगरच्या शेजारी. माझा चुलत भाऊ, म्हणजे आमचा दादा, बारावीनंतर घरची वाडी बघतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या सुपारी पार आडव्या झाल्या, आणि नवीन सुपारी धरायला पाच-सात वर्षे तरी लागतात. त्यामुळे दादाचे शिक्षण तिथेच थांबले. पण गोष्ट सांगावी तर दादानेच! भुताची गोष्ट सांगायला लागला की काकूसुद्धा भाजी चिरायची थांबते. या खेळाला सूत्रधार हवा तर असाच. अडचण एकच, पुस्तक इंग्रजी. त्यातून मोबाइलवर दोन रकान्यांचे पान वाचायचे म्हणजे बोटाने वर-खाली, डावी-उजवी नुसती कवायत. आणि पावसात आमच्याकडे लाइट गेली की मोबाइल जपून वापरावा लागतो.

जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशक कंपनीने या खेळाचे पायाभूत नियम खुल्या परवान्याखाली मोकळे केले. श्रेय दिले की भाषांतर करायला कोणाची हरकत नाही. पाने मात्र चारशेच्या आसपास. त्यातून नेमके काय घ्यायचे आणि कसे मांडायचे?

उत्तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले होते. कालनिर्णय! १९७३ पासून निघते. काकूला चष्म्याशिवाय दोन सेकंदांत संकष्टी सापडते, कारण समोरची बाजू फक्त 'बघायची' आहे आणि लेख, पाककृती वगैरे 'वाचायची' बाजू मागे आहे. इंग्रजी नियमपुस्तकात या दोन्हींची खिचडी असते. म्हणून मी चार मोठे कागद केले. समोर फक्त तक्ते आणि पायऱ्या, मागे खुलासा. एका विषयाला एक कागद. लढाई करताना जादूचा कागद उलटावा लागता कामा नये.

यात देवनागरीची स्वतःची गंमत आहे. इंग्रजीत खेळातल्या खास शब्दाचे पहिले अक्षर मोठे काढतात, म्हणजे तो साधा शब्द नाही हे कळते. आपल्याकडे मोठे अक्षर नाहीच! म्हणून ताकद, चपळाई, बचाव असे शब्द सगळीकडे ठळक केले. दुसरे म्हणजे, इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर मराठीला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो आणि कंदिलाच्या उजेडात सगळ्याची जाळी दिसते. अंतर सढळ ठेवले. अक्षर मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' घेतला, तो फुकट मिळतो.

वीस बाजूंचा फासा गावात कुठला मिळणार? हाउजीच्या पिशवीतले १ ते २० आकडे घेतले. काढायचा, बघायचा, परत टाकायचा. शक्यता तीच, इंजिनिअरिंगचे गणित कुठेतरी उपयोगी पडले!

गणपतीत दादाने सूत्रधार होऊन खेळ चालवला. परदेशी किल्ल्याऐवजी त्याने दिघीहून होडीने जंजिरा गाठला. तिसऱ्या रात्री मी म्हटले, "दादा, तिथे फासा नाही लागत." त्याने कागद पुढे सरकवला. "अरे, तुझंच अक्षर आहे. तिसरी पायरी वाच." वाचली. फासा लागत होता. मी, चारशे पाने चाळलेला, गप्प बसलो आणि पिशवीत हात घातला. सगळे हसले, मीही. कारण कागद सगळ्यांचा झाला होता, भटजीची गरज उरली नव्हती.

हे सुचलेला मी काही पहिला नाही. याच खेळाचे १९८१ चे नियम गॅव्हिन नॉर्मन यांनी २०१९ मध्ये 'ओल्ड स्कूल एसेन्शियल्स' या नावाने नव्याने मांडले. नियम जवळपास तेच, पण शक्यतो एक विषय समोरासमोरच्या दोन पानांत मावणारा. नावाजले गेले ते या मांडणीसाठी.

तेव्हा मित्रांनो, फेस्टची नियमावली करताना किंवा ज्युनिअर्ससाठी नोट्स काढताना एवढेच विचारा : हे वाचायचे आहे की शोधायचे? आणि ज्यांना ते चार कागद हवे असतील, त्यांनी मेसनंतर खुशाल यावे. झेरॉक्सचे पैसे आपापले!