चौघांपलीकडचा स्वर

२०१९ च्या जुलैत आम्ही तिघे इंदूरकर स्नेही सॉल्ट लेक सिटीतील आंतरराष्ट्रीय ‘बार्बरशॉप’ गायनस्पर्धेस गेलो. वाद्य एकही नाही. टेनर, लीड, बॅरिटोन, बास असे चारच कंठ. मूळ चाल लीडकडे, टेनर तिच्याही वर. श्रुती नेमक्या जुळल्या की चौघांपैकी कुणीच न गायलेला वरचा स्वर सभागृहात घुमू लागतो! तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा गंधार ऐकत वाढलेले आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो.

परंतु ही रीत रुजली ती कृष्णवर्णीयांच्या गळ्यांत, आणि १९३८ साली स्थापन झालेल्या या संस्थेची दारे त्यांनाच १९६३ पर्यंत बंद होती. ते ठाऊक असलेल्या आमच्यातील एकाने टाळी वाजवली नाही. उरलेल्या आम्ही दोघांनी वाजवली. रात्री जेवताना त्यावरून कडाक्याचा वाद झाला. तो अद्याप मिटलेला नाही.